सात जणांचं दही

रतनौलीत कुणाच्या घरचं भोज झालं की ते चांगलं झालं की वाईट, हे त्या दिवशी कुणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलतात. उन्हं वर आली की जीबछ झा हातात लोटा घेऊन चौकावरून तळ्याकडे जातात. ते ताठ चालत गेले, पानाच्या टपरीशी थांबून तंबाखू मळली, तर भोज उत्तम झालं. ते दिसलेच नाहीत, तर तूप भेसळीचं होतं, नाहीतर दही शिळं होतं. पुढे कुणी काहीही सांगो, गाव ऐकत नाही.

माणूस पाहाल तर काडीपैलवान. वय अडुसष्ट, छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. पण पानावर बसले की भाताचा ढीग, वर वाटीभर तूप, बेसनाच्या बड्या, तळलेले काप, कढी, आणि शेवटी दही-साखर-रसगुल्ले, असं सगळं शांतपणे, घाई न करता, एखादं काम उरकावं तसं संपवायचे. खादाड म्हणून त्यांना कुणी कधी हसलं नाही. गावच्या वरातीत त्यांना मुद्दाम न्यायचे, कारण वधूपक्षाने आग्रह करून दमावं आणि आपल्या बाजूने कुणी हार मानू नये, ही गावाच्या अब्रूची गोष्ट असते.

तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या टोल्यात, म्हणजे पलीकडच्या वस्तीत, एका ठेकेदाराने मुंजीचं मोठं भोज घातलं. दुसऱ्या दिवशी जीबछ झांना ताप भरला. साधा हिवताप होता, रक्त तपासून आणलं, कागदही दाखवला. उपयोग शून्य. आजही त्या घराला लोक 'ज्यांच्या तुपाने जीबछ झा पडले ते' असंच म्हणतात. मुलीचं लग्न ठरवतानाही कुणीतरी तो विषय काढलाच.

म्हणून त्या वैशाखातल्या सकाळी जीबछ झा खाटेवर उताणे पडून छताकडे बघत होते, तेव्हा त्यांना पोटापेक्षा चौकाची काळजी जास्त होती.

पोट नगाऱ्यासारखं टम्म झालेलं. घशाशी आंबट येत होतं, ढेकर अर्ध्यावर अडत होता, डोकं जड, तोंडाला चिकट गोडवा. डाव्या कुशीवर वळलं की उजवीकडे कळ, उजवीकडे वळलं की डावीकडे. पहाटेपासून ते तीनदा उठून बसले होते आणि तीनदा पुन्हा आडवे झाले होते.

बायको सरिसबची, म्हणून गावाला ती सरिसबवाली. ती ओवा आणि काळं मीठ तळहातावर घेऊन उभी राहिली.

"चावा. आणि आज कुठे जायचं नाही."

"जायला हवं."

"तळं पळून जात नाही. परसात जा आज."

"परसात गेलो तर चौक काय म्हणेल?"

"चौकाला काय म्हणायचं ते म्हणू दे. पोट तुमचं आहे की चौकाचं?"

"आजचा दिवस चौकाचंच," जीबछ झा म्हणाले आणि ओवा तोंडात टाकला.

सरिसबवालीने कपाळाला हात लावला. चाळीस-बेचाळीस वर्षं तिने या पोटाची उस्तवार केली होती. पण कालचं जेवण त्यांनी चवीसाठी केलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

काल भोगेंद्र मिश्रांचं बाराव्याचं भोज होतं. भोगेंद्र गावनात्याने जीबछ झांचा धाकटा भाऊ. पंगतीला नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसायचा आणि 'भाई, अठ्ठावीस झाले' असं त्यांचे रसगुल्ले मोजायचा. त्याला मुलगा नाही. एक मुलगी, आणि तिचा मुलगा प्रभाकर, दिल्लीत नोकरीला. अग्नी प्रभाकरने दिला. तिथेच ठिणगी पडली. भोगेंद्रचा चुलतभाऊ लूटन मिश्र म्हणत होता की मी जिवंत असताना मुलीच्या मुलाने अग्नी देणं म्हणजे आमच्या घराण्याच्या तोंडाला काळं फासणं. अग्नी ज्याने दिला, पुढे घराची चावी त्याच्याकडे जाते, हे तो बोलत नव्हता. पण गाव काही दुधखुळं नव्हतं.

भोगेंद्रची बायको मंगरौनीची, म्हणून मंगरौनीवाली. ती म्हणाली, मरताना त्यांनी प्रभाकरचं नाव घेतलं होतं, आणि विषय संपवला. मग भोजाची सगळी तयारी तिने स्वतः केली. हलवाई माहेरून आणला. दही तर कुणाला हात लावू दिलं नाही. चौदा मडकी तिने आपल्या हाताने विरजली. नवरा गेल्याला दहा दिवस झालेली बाई वाकून वाकून मडक्यांच्या तोंडाला फडकी बांधत होती. आमच्याकडे भोज म्हणजे दही. बाकी सगळं चांगलं होऊन दही फसलं, तर भोज फसलं.

पंगतीत सत्तेचाळीस पानं. भात झाला, कढी झाली, आणि आता दही येणार एवढ्यात लूटन मिश्र उठला. त्याच्याबरोबर त्याचे दोघे मुलगे, पुतणे, असे सगळे मिळून सात जण उठले. तोंडाने काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. दह्याआधी पानावरून उठणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकणं. शिवाय पंगतीचा नियम असा की एक उठला की सगळे उठतात. उरलेल्यांचे हात पानावर थांबले आणि सगळ्यांचे डोळे पंगतीतल्या सर्वांत वडीलधाऱ्याकडे, म्हणजे जीबछ झांकडे वळले.

जीबछ झा खाली बघून भात कालवत होते.

"ज्यांना उठायचं होतं ते उठले," ते म्हणाले. "मी अजून कढीवरच आहे. दही आणा."

वडीलधारा जेवत असताना कुणाला उठता येत नाही, हाही पंगतीचाच नियम. त्यामुळे चाळीस जण बसून राहिले. काहींची चुळबुळ चालली होती; लूटनशी वाकडं कोण घेईल? जीबछ झांनी ते ओळखलं आणि हात थांबू दिला नाही. दही आलं, साखर आली, रसगुल्ले आले. सगळ्यांचं खाऊन झालं तरी दोन मडकी उरली. सात जणांच्या वाटणीची. ती भरलेली मडकी परत आत गेली असती तर दाराआड उभ्या असलेल्या बाईने ती आयुष्यभर विसरली नसती.

"ते काय उरलंय ते इकडे आणा," जीबछ झा म्हणाले.

दीड मडकं त्यांनी एकट्याने संपवलं, उरलेलं अर्धं शेजारच्या चौघांना आग्रह करून वाढलं. शेवटचे चार घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं होतं. डाव्या हाताला मोजणारं कुणी नव्हतं, म्हणूनही आलं असेल.

आणि आता हेच पोट त्या बाईवर उलटायला निघालं होतं. आज ते चौकात दिसले नाहीत, तर लूटनला तोंड उघडायचीही गरज नव्हती. गावच म्हणालं असतं, बघा, लूटन उगीच नाही उठला. त्याला दह्याचा वास आला होता.

जीबछ झा उठले, धोतर पोटावर नेहमीपेक्षा सैल बांधलं, लोटा उचलायला वाकले आणि तसेच अर्धवट थांबले. सरिसबवालीने लोटा उचलून हातात दिला.

"काठी देऊ?"

"कधी घेतली होती काठी?"

चौक घरापासून दोनशे पावलांवर. ती दोनशे पावलं त्यांनी कशी टाकली ते त्यांचं त्यांना ठाऊक. टपरीच्या बाकड्यावर लूटन बसला होता, शेजारी दोन-तीन रिकामटेकडे. एवढ्या सकाळी लूटन चौकात कधी नसायचा.

"या भाईजी," तो म्हणाला. "पोट काय म्हणतंय?"

"भूक लागलीय म्हणतंय."

बाकड्यावरचे हसले. लूटनही हसला, पण त्याची नजर जीबछ झांच्या कपाळावरच्या घामावर होती.

"वैशाखाचं ऊन सकाळपासूनच तापतं, नाही? मग भुकेल्या पोटी कशाला जाता? ए, भाईजींना दोन कचोऱ्या दे. गरम दे."

टपरीवाल्याने कढईतून दोन कचोऱ्या काढून पानाच्या द्रोणात ठेवल्या. तेलाचा वास नाकात गेला तसं जीबछ झांच्या पोटात सगळं वर उसळून आलं. त्यांनी ते दाबलं. पहिली कचोरी दोन घासांत गेली. दुसरीला तीन लागले. मग त्यांनी सावकाश तंबाखू मळली, नुसती, तोंडात न टाकता, आणि लोटा उचलला.

"मीठ कमी आहे," टपरीवाल्याला ते म्हणाले आणि चालू लागले.

मागून कुणीतरी म्हणालं, "लोखंड आहे म्हातारा." ते ऐकून त्यांना बरं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं की तळ्यापर्यंत पोचणं कठीण आहे.

ते पोचले ते काठाअलीकडच्या बांबूच्या बेटापर्यंत. तिथे एका हाताने बांबू धरून वाकले आणि कचोऱ्या, दही, ओवा, रसगुल्ले, जे काही होतं ते सगळं बाहेर पडलं. एकदा, दोनदा, मग नुसतंच पिवळं पाणी. ते तिथेच खाली बसले.

डोळे पुसून वर पाहिलं तर दहा हातांवर बिल्टू मल्लाह गुडघाभर पाण्यात जाळं धरून उभा. काठावरच्या भरल्या टोपलीत रोहू उड्या मारत होते. आज तेरावा, मंगरौनीवालीकडे सुतक उतरायचं माशाचं जेवण, त्यासाठी तो भल्या पहाटेपासून तळ्यात होता.

"बिल्टू," जीबछ झा म्हणाले, "तू काही पाहिलं नाहीस."

"मी माशांकडे बघत होतो, मालिक."

"तसंच बघत राहा."

"पाणी आणू?"

"नको. जा तू. दुपारच्या आत मासे पोचायला हवेत."

बिल्टूने त्यांचा लोटा भरून त्यांच्याजवळ आणून ठेवला आणि टोपली डोक्यावर घेऊन गेला. जीबछ झांनी चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं, तिथल्या घाणीवर पायाने माती लोटली. परतताना चौक टाळून बांधावरून आले.

घरी आल्यावर सरिसबवालीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता भाताची पेज ठेवली. दोन घोट पोटात टिकले, तिसरा टिकला नाही. पायांत गोळे येत होते. कंपाउंडरला बोलवायचं तर त्याची सायकल दाराशी उभी राहिली की बातमी झालीच. तीही वाट बंद.

"दुपारी नाही जायचं," ती म्हणाली. "मासा आहे. मोहरीचं कालवण. जीव जाईल तुमचा. तिच्या अब्रूसाठी मी विधवा होऊ?"

बाई बोलली ते खरं होतं.

"लूटन येणार आहे," जीबछ झा म्हणाले. "भाऊबंद आहे, आज तिथे मासा खाल्ल्याशिवाय त्याचं सुतक फिटत नाही. सगळं गाव असणार. माझं पान रिकामं राहिलं तर कालचं खाल्लेलं सगळं मातीत गेलं."

"कालचं खाल्लेलं सगळं मातीतच गेलंय," सरिसबवाली म्हणाली. त्यांच्या धोतराच्या काठाला लागलेला डाग तिने मघाच पाहिला होता.

तरी दुपारी ते गेले. ती अर्ध्या रस्त्यापर्यंत बरोबर आली, मग बायकांच्या दाराने आत गेली.

भोगेंद्रच्या अंगणात मांडव कालचाच होता. पानं मांडून झाली होती. जीबछ झा आपल्या जागी बसले, बसताना हात जमिनीला टेकावा लागला. लूटन अगदी समोर बसला. कालचे सातही जण आले होते. भात वाढला गेला, मग कालवण आलं. पितळी बादलीतून मोहरीचा तिखट वास सगळ्या अंगणात पसरला. प्रभाकरने रिवाजाप्रमाणे सर्वांत मोठं डोकं जीबछ झांच्या पानावर ठेवलं. रोहूचं डोकं, वर पिवळा रस, रसावर तेलाचा तवंग.

"सुरू करा भाईजी," लूटन म्हणाला. "तुमचा हात पडल्याशिवाय आम्ही कसा लावणार?"

जीबछ झांनी हात पुढे केला. त्यांनी भाताला बोट लावलं, माशाचा एक तुकडा मोडला, आणि तो हातातच राहिला. कानशिलावरून घाम मानेवर उतरला. त्यांना एवढंच वाटत होतं की हा एक घास आत जाऊन आतच राहू दे. बाकी काही मागणं नाही.

"प्रभाकर," दाराआडून आवाज आला. "भाईजींच्या पानावरचा मासा उचल."

मंगरौनीवालीचा आवाज पुरुषांच्या पंगतीत कुणी ऐकला नव्हता. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको मोठ्या दिरासमोर तोंड उघडत नाही, आणि दीरही तिच्याशी बोलायचं असलं तर भिंतीकडे बघून तिसऱ्याला सांगतो. ती लग्न होऊन आल्यापासून अठ्ठेचाळीस वर्षं या घरात जीबछ झांचं येणं-जाणं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांत दोघांमध्ये एक शब्द झाला नव्हता.

"का वहिनी?" लूटनने विचारलं. तो तिचा धाकटा दीर, त्याच्याशी ती बोलू शकत होती.

"त्यांना बरं नाही. सकाळी तळ्यावर सगळं उलटून पडलंय. बिल्टूने सांगितलं."

जीबछ झांनी डोळे मिटले. ज्याच्यासाठी चौकातून ताठ चाललो, ज्याच्यासाठी त्या कचोऱ्या गिळल्या, ते हिनेच आपल्या तोंडाने अंगणात सांडलं. त्यांना राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना या बाईचा राग आला.

लूटनने पंगतीवरून डावी-उजवी नजर फिरवली.

"मी काही बोललो नव्हतो," तो म्हणाला. "पण आता निघालंच आहे तर ऐका. मी काल उगीच नव्हतो उठलो. दह्याला..."

मंगरौनीवाली दाराबाहेर आली. पांढरी साडी, पदर नाकापर्यंत ओढलेला. अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली तशी पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

"लूटनबाबू, काल चाळीस माणसांनी माझं दही खाल्लं. सगळे इथेच बसलेत. विचारा, कुणाचं पोट दुखलं?"

मग कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "माझं नाही." आणखी दोघांनी मान हलवली. "माझंही नाही," पानवाल्याचा भाऊ म्हणाला, "मी तर दोनदा घेतलं."

"एकट्या भाईजींचं दुखलं," मंगरौनीवाली म्हणाली. "चाळीस जणांनी आपापल्या वाटणीचं खाल्लं. भाईजींनी आपलं खाल्लं आणि तुम्हा सात जणांचंही खाल्लं. दीड मडकं. मी दाराआडून बघत होते, एकेक घास. माझी मडकी भरलेली परत आत येऊ नयेत म्हणून खाल्लं त्यांनी." तिने पदर आणखी पुढे ओढला. "आता त्यांच्यात जीव नाही उरलेला. तेव्हा आजचा तुमच्या वाटणीचा मासा तेवढा तुमचा तुम्ही खा."

लूटनच्या थोरल्या मुलाने बापाकडे पाहिलं, मग पानाकडे पाहिलं, आणि बापाची वाट न बघता भात कालवायला घेतला. त्याच्या शेजारच्याने घेतला. मग लूटननेही खाली मान घालून मासा मोडला.

प्रभाकरने जीबछ झांच्या पानावरून ते डोकं उचललं. जीबछ झांचा राग कुठे गेला होता त्यांना कळलं नाही. अंगातलं सगळं ओढून धरलेलं सैल झालं, आणि सकाळपासून दाबून ठेवलेली तहान एकदम घशाला लागली. समोर प्रभाकर होता, पंगतीत गावचे सगळे पुरुष होते. त्यांनी त्यांच्यातल्या कुणाकडे पाहिलं नाही, भिंतीकडेही पाहिलं नाही.

"मंगरौनीवाली," ते म्हणाले, "थोडं पाणी दे गं."

तिने आत जाऊन लोटा आणला, वाकून त्यांच्यासमोर ठेवला, आणि ते पीत असताना तिथेच उभी राहिली.